मावशीतली 'शी' : इराणी भाषांमधल्या बहिणीचा माग

प्रश्न थोडक्यात असा आहे : फारसीत बहिणीला 'ख्वाहर' म्हणतात, कुर्दीत 'ख्वीश्क', बलुचीत 'ग्वहार', पश्तूत 'खोर' आणि कॉकेशसमधल्या ओसेटियन भाषेत नुसतं 'खो'. हे सगळे एकाच शब्दाचे अवतार आहेत की निरनिराळे शब्द? संस्कृत 'स्वसृ'शी त्यांचं काही नातं आहे का? आणि असेल तर मराठीत 'स्वसृ' का नाही, 'बहीण' का?

हो, पाचही शब्द एकच आहेत, आणि ते 'स्वसृ'चेच सख्खे आहेत. मराठीतूनही 'स्वसृ' गेलेली नाही. ती अशा जागी बसली आहे की रोज तोंडात येऊनही ओळखू येत नाही. गेली तीसेक वर्षं मी पुण्यात फारसी आणि तिच्या जुन्या अवस्था शिकवतो. मुलांना ध्वनिनियम शिकवायची वेळ आली की मी दरवेळी याच शब्दापासून सुरुवात करतो, कारण या एका शब्दात जवळजवळ सगळा विषय सापडतो. (पुढे जिथे 'ख' येईल तिथे तो घशात घासून काढायचा, 'ख्वाजा'मधल्यासारखा. 'खडू'मधला ख नव्हे.)

पायाचा नियम आपल्याला ठाऊक असतो, फक्त तो नियम आहे हे ठाऊक नसतं. संस्कृतात स्वराआधी 'स' असेल तर इराणी भाषांत तिथे 'ह' येतो. सप्त आणि हप्ता, सहस्र आणि हजार, सिंधू आणि हिंदू. पुढे 'त'सारखं व्यंजन असेल तर मात्र 'स' टिकतो, म्हणून आपला 'हस्त' आणि त्यांचा 'दस्त' या दोन्हींत 'स्त' शाबूत आहे. आता 'स'च्या पुढे 'व' आला तर? 'स्व'चा आधी 'ह्व' झाला आणि मग पुष्कळ भाषांत 'ख्व'. स्वप्न म्हणजे ख्वाब. 'स्वर्' म्हणजे आकाशातलं तेज, सूर्य, आणि तेच 'खुर्शीद'मधलं 'खुर'. 'स्वतः'चा अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या भाषेत, 'ख्वतो' झाला, पुढे 'ख्वद' आणि शेवटी फारसी 'खुद'. हा 'खुद' फारसीतून मराठीत आला आणि आपण त्याला एक द जास्त देऊन 'खुद्द' केलं. पेशवेकालीन पत्रांत 'दस्तुरखुद्द' वाचलं की मला दरवेळी वाटतं, इथे 'स्वतः' हाच शब्द इराणची फेरी मारून घरी परत आला आहे.

हा नियम हाताशी धरून 'स्वसर्' घ्या. यात 'स' दोन आहेत, एक 'व'च्या आधी, एक दोन स्वरांच्या मध्ये. दोन्ही बदलले की 'ह्वहर्' मिळतं. अवेस्तात हा शब्द 'ख्वङ्हर' असा लिहिलेला आहे. सुरुवातीच्या 'ख्व'साठी त्या लिपीत स्वतंत्र एकच अक्षर आहे, आणि मधल्या 'ह'च्या आधी एक अनुनासिक येतं, ही अवेस्ता पठणाची लकब. सतराव्या यश्तात (यश्त म्हणजे अवेस्तातलं देवतेचं स्तोत्र) 'अशी' या देवतेला अहुर मज्दा या परमेश्वराची कन्या आणि अमेषा स्पेंत या त्याच्या सहचर देवतांची बहीण म्हटलं आहे. त्या एका ओळीत 'दुहितृ' आणि 'स्वसृ' या दोघींची इराणी रूपं शेजारी शेजारी येतात. मुंबई-पुण्याच्या अग्यारींत यश्तांचं पठण आजही होतं. म्हणजे इराणी शाखेतलं या शब्दाचं सगळ्यात जुनं रूप महाराष्ट्रात अजून उच्चारलं जातं, आणि तेच पारशी कुटुंब घरी गुजरातीत बहिणीला 'बेन' म्हणतं.

संस्कृत बाजूला ऋग्वेदात उषा आणि रात्र या दोन बहिणी आहेत : 'समानो अध्वा स्वस्रोरनन्तः', दोघी बहिणींची वाट एकच आणि तिला अंत नाही (१.११३.३). सोमसूक्तांत सोमवल्ली पिळणारी दहा बोटं म्हणजे 'दश स्वसारः'. ही ओळ वर्गात सांगितली की मुलं नकळत आपल्या हातांकडे बघतात.

प्राचीन फारसीच्या शिलालेखांत मात्र हात रिकामे राहतात. इराणी सम्राट दारयवौश (डरायस) याच्या बिसोतून लेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास, भाऊ आहे. बर्दिया हा आधीचा राजा कंबुजिया याचा 'ब्राता, हमाता, हमपिता' होता, भाऊ, एकाच आईचा, एकाच बापाचा. राज्याचा वारसा कुणाचा याचा तो झगडा, त्यात भावांचीच नावं येतात, बहिणीला जागा नाही. तिच्यासाठी पुढे मध्य फारसीपर्यंत थांबावं लागतं.

मध्य फारसीत, म्हणजे पहलवीत, एक विलक्षण प्रकार आहे. लेखनिक अरमाईक शब्द लिहायचा आणि वाचणारा तो फारसीत वाचायचा. लिहिलेलं असायचं अरमाईक 'बहीण', अरबी 'उख्त'च्या घराण्यातला शब्द, पण तोंडातून निघायचं 'ख्वह' किंवा 'ख्वहर'. या पद्धतीला हुज्वारिश म्हणतात. आपण ₹ हे चिन्ह लिहितो आणि 'रुपये' वाचतो, तसंच. त्यामुळे नुसत्या पहलवी पोथ्यांवरून उच्चार कळला नसता. चीनच्या वायव्येकडच्या तुर्फानच्या वाळूत १९०२ ते १९१४ या काळात जर्मन मोहिमांना मानी या जुन्या धर्मसंस्थापकाच्या पंथाचे ग्रंथ मिळाले. ते सरळ उच्चाराप्रमाणे लिहिलेले होते, आणि त्यांच्यामुळे कितीतरी शब्दांचा आवाज प्रथमच नीट ऐकू आला. पार्थियन या जुन्या इराणी भाषेतली बहीण, 'व्खार', ती तिथलीच.

वर मी 'ख्वह किंवा ख्वहर' म्हटलं. हा 'किंवा' फार महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या अर्ध्या गोंधळाचं मूळ इथे आहे. मध्य फारसीत नात्याच्या शब्दांच्या जोड्या होत्या : पिद–पिदर, माद–मादर, ब्राद–ब्रादर, दुख्त–दुख्तर, ख्वह–ख्वहर. पहिलं रूप जुन्या प्रथमेतून आलेलं (पिता, माता, स्वसा, यांत 'र' नाही), दुसरं द्वितीयेसारख्या विभक्त्यांतून (पितरम्, मातरम्, स्वसारम्, यांत 'र' आहे). मराठी माणसाला हे समजावून सांगायला काहीच वेळ लागत नाही, कारण आपल्याकडे सामान्यरूप आहे. भाऊ, पण भावाला. विंचू, पण विंचवाला. समजा उद्या मराठीच्या दोन बोली वेगळ्या झाल्या, एकीने 'विंचू' ठेवला आणि दुसरीने 'विंचव' हाच मूळ शब्द धरला, तर हजार वर्षांनी येणारा माणूस म्हणेल, हे दोन वेगळे प्राणी आहेत. इराणी भाषांत नेमकं हेच घडलं. फारसीने सामान्यरूप उचललं, म्हणून 'ख्वाहर'मध्ये 'र' आहे. कॅस्पियनकाठच्या गिलकीत 'खाखुर' आणि माझंदरानीत 'खाखेर', तिथेही 'र' आहे. पूर्व तुर्कस्तानातल्या झाझाकी या इराणी भाषेने प्रथमेचं रूप ठेवलं, म्हणून तिथे बहीण 'वाए'. कुर्दीत 'ख्वेह' हे रूपही आहे, ते याच बिनरेफाच्या वाटेचं. त्यालाच मागून 'श्क' हा प्रत्यय लागून 'ख्वीश्क' झालं.

काही वर्षांपूर्वी वर्गात एक इराणी मुलगा आणि इराणच्या वायव्येकडची एक कुर्दी मुलगी अशी दोघं होती. मुलाला मी फळ्यावर 'बहीण' लिहायला सांगितलं. त्याने पाच अक्षरं लिहिली : खे, वाव, अलिफ, हे, रे. मग वाचलं, 'खाहर'. वाव गेला कुठे, असं मी विचारलं. तो म्हणाला, तो लिहायचाच असतो, म्हणायचा नसतो. या वावाला फारसीत 'वाव-ए-मादूला' असं नावच आहे. ख्वाब, ख्वाजा, ख्वाहिश, सगळीकडे तो लिहिला जातो आणि आजच्या इराणात गिळला जातो. आपल्याकडे मात्र 'ख्वाब' म्हणताना आपण तो अजून उच्चारतो. त्या मुलाला कळेना की मी एका मुक्या अक्षरावर इतका का थांबतो. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या बहिणीतला हा वाव म्हणजे 'स्वसृ'मधला 'व' आहे, त्याला पुसू नकोस.

मग त्या मुलीला बहिणीचा शब्द विचारला. 'ख्वीश्क'. यात 'र' कुठे आहे? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, बरं, बहिणीच्या मुलाला काय म्हणतेस? ती म्हणाली, 'ख्वारझी'. आणि म्हणता म्हणता तिचा हात तोंडावर गेला, कारण तिला तो 'र' स्वतःच ऐकू आला. 'ख्वार' म्हणजे बहीण, 'झी' म्हणजे जन्मलेलं, आपल्या 'जन्'शी नातं सांगणारं. बहिणीच्या शब्दातला 'र' गेला, पण भाच्याच्या शब्दात तो सुखरूप राहिला.

या एकाच गोष्टीसाठी मी हे लांबलचक उत्तर लिहितो आहे. नात्याचा मूळ शब्द रोज हाक मारून झिजतो, आखडतो, त्याला प्रत्यय लागतात, कधी तो जातो आणि दुसरा येतो. पण त्याच्यापासून बनलेला जोडशब्द एक गाठ बनून राहतो आणि आतल्या शब्दाला जुन्याच अवस्थेत सांभाळतो. म्हणून एखाद्या भाषेतल्या बहिणीचा इतिहास हवा असेल तर भाच्याला विचारा.

ओसेटियनमध्ये बघा. ही भाषा कॉकेशसच्या डोंगरात, जुन्या अलान लोकांच्या वंशजांची. तिच्या इरोन बोलीत बहीण म्हणजे 'खो', एवढंसं अक्षर, ज्यात 'स्वसृ' आहे हे कुणालाही पटणार नाही. पण बहिणीचा मुलगा 'खॅरॅफिर्त'. 'फिर्त' म्हणजे पुत्र, आणि त्याच्या आधीचं 'खॅरॅ' म्हणजे बहीण, रेफासकट. शेजारच्या दिगोर बोलीत तर बहिणीलाच अजून 'ख्वॅरॅ' म्हणतात. पश्तूत 'खोर' या शब्दात 'र' आहेच, आणि तिथली भाची 'खोर्झा', बहिणीपोटी जन्मलेली. (पश्तू 'खोर'चं अनेकवचन 'ख्वैंदे' होतं. शिकणाऱ्यांची त्यावर दरवर्षी अडखळ होते, ते पाठच करावं लागतं.)

आता घरी येऊ. संस्कृतात आईची बहीण 'मातृष्वसृ', बापाची बहीण 'पितृष्वसृ'. इथे 'स'चा 'ष' होतो हे सांगायला पाणिनीने स्वतंत्र सूत्र लिहिलं आहे : 'मातृपितृभ्यां स्वसा' (८.३.८४). पालीत हिचं 'मातुच्छा' झालं, प्राकृतात 'माउस्सिआ', हिंदीत 'मौसी', आणि मराठीत 'मावशी'. 'माव' म्हणजे माता आणि 'शी' म्हणजे स्वसा. मराठीने एकटी बहीण 'भगिनी'वरून घेतली, पण आईची बहीण मात्र जुनीच ठेवली. बंगालीत आत्याही अशीच राहिली आहे, 'पिशी' म्हणजे पितृष्वसा. कुर्दी 'ख्वारझी'तला 'ख्वार' आणि आपल्या मावशीतली 'शी' एकाच शब्दाचे वारस आहेत, आणि दोन्ही वाचले ते जोडशब्दाच्या आडोशाने. भारतीय बाजूला हा शब्द एकटा टिकला तो दूर उत्तरेला : पाकिस्तानातल्या चित्रालच्या खोवार भाषेत बहिणीला आजही 'इस्पुसार' म्हणतात, दोन्ही 'स' शाबूत.

बलुची 'ग्वहार' हे प्रकरण जरा कठीण आहे, आणि मला ते सगळ्यात आवडतं. बलुचीत जुन्या 'ह्व'चा नुसता 'व' होतो. फारसी खुश तर बलुची वश, ख्वाब तर वाब, खुद तर वत. म्हणजे नियमाने बहीण 'वहार' व्हायला हवी. पण ती 'ग्वहार' आहे. बलुचीत 'ग्व' येतो तो मुळात साधा 'व' असेल तिथे : वात म्हणजे ग्वात, वत्स म्हणजे ग्वस्क. मग बहिणीने वासराची वाट का धरली? 'ह्वहार' या एकाच शब्दात 'ह' दोनदा येतो. त्यातला पहिला फार लवकर गळला, मागे साधा 'व' राहिला, आणि पुढे सगळ्या साध्या 'व'कारांचं जे झालं तेच त्याचं झालं, हे स्पष्टीकरण मला पूर्ण पटतं. बहिणीच्या शब्दात 'ह' असा जागा सोडतो हे आपल्याला नवीन वाटू नये. 'भगिनी'ची 'बहिणी' होताना 'भ'मधला हकार निघाला आणि पुढच्या अक्षरात जाऊन बसला.

'ग्वहार'मध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे. त्यातला 'हा' दीर्घ आहे. संस्कृतात पितरम्, मातरम्, दुहितरम् यांत 'त' ऱ्हस्व, पण 'स्वसारम्' दीर्घ. पाणिनी या दीर्घासाठी 'स्वसृ'चं नाव घेऊन तिला 'नप्तृ', 'होतृ' वगैरेंच्या रांगेत बसवतो (६.४.११). बलुचिस्तानातल्या मकरानच्या वाळवंटातल्या बाईच्या तोंडचा तो दीर्घ 'हा' मी या 'स्वसारम्'चाच मानतो.

आता सावधगिरी. शब्द सारखे दिसतात म्हणून नातलग होत नाहीत. कुर्दीच्या सोरानी बोलीत बहीण 'खुश्क', आणि फारसीतही 'खुश्क' आहे, पण त्याचा अर्थ कोरडा. तो आपला 'शुष्क', आणि त्यावरूनच मराठीत समुद्राऐवजी जमिनीवरून जाणारा 'खुष्कीचा मार्ग' आला. बहिणीशी त्याचा काडीचा संबंध नाही. 'ख्वाहिश' दिसायला 'ख्वाहर'च्या अगदी जवळची, पण ती इच्छिणे या अर्थाच्या दुसऱ्याच धातूची. 'खाला' तर अरबी. आणि उलट बाजूने पाहिलं तर वेल्श भाषेत बहिणीला जवळजवळ 'ख्वाइर' म्हणतात. फारसीशी इतकं साम्य की पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. मूळ शब्द एकच, इंग्रजी 'सिस्टर', लॅटिन 'सोरोर', रशियन 'सेस्त्रा', आर्मेनियन 'कुइर' यांच्या रांगेतलाच. पण 'स्व'चा 'ख्व' हा बदल वेल्श आणि फारसी यांनी आपापल्या घरी, एकमेकींना न विचारता केला आहे. इंग्रजी आणि रशियन शब्दांतला 'त' मुळात नव्हता, तो नंतर घुसला आहे. संस्कृत आणि इराणी त्याच्याशिवायच्या आहेत, आणि या बाबतीत त्याच जास्त जुन्या.

मूळ अर्थ काय असावा? बऱ्याच विद्वानांचं मत असं की 'स्व' म्हणजे आपली, आणि 'सर्' म्हणजे स्त्री : स्वसृ म्हणजे 'आपल्यातली बाई'. या 'सर्'चा पुरावा संस्कृतच्या संख्यावाचकांत दिसतो. पुल्लिंगी त्रयः, चत्वारः, पण स्त्रीलिंगी तिस्रः, चतस्रः. तो 'स्र' हाच. सिद्धांतकौमुदी हा संस्कृत व्याकरणाचा ग्रंथ शिकलेल्यांना एक जुनी कारिका आठवेल :

स्वसा तिस्रश्चतस्रश्च ननान्दा दुहिता तथा।
याता मातेति सप्तैते स्वस्रादय उदाहृताः॥

स्त्रीलिंगी असूनही ज्यांना स्त्रीप्रत्यय लागत नाही अशा शब्दांची ही यादी. तिच्यात 'स्वसा'च्या मागोमाग 'तिस्रः, चतस्रः' बसले आहेत. व्याकरणकारांचं कारण वेगळं होतं, तरी ही शेजारणींची जोडी बघून मी आजही थबकतो. त्याच यादीतली ननान्दा म्हणजे आपली नणंद आणि याता म्हणजे जाऊ. पश्तूत जावेला 'योर' म्हणतात, तीही हीच 'यातृ'.

'बहीण का' या प्रश्नाचं उत्तर राहिलं. नात्याच्या शब्दांना आदराचे, लाडाचे पर्याय सतत मिळत असतात, आणि एखादा पर्याय मूळ शब्दालाच उठवून त्याच्या जागी बसतो. आपल्याकडे 'भगिनी'ने तसं केलं. इराणात 'ख्वाहर' टिकली, पण तिच्या शेजारी तुर्की 'बाजी'वरून आलेलं बोलीतलं 'आबजी' आहे, आणि आदराने म्हणायचं 'हमशीरा' आहे. हमशीरा म्हणजे एका दुधाची. यातला 'शीर' म्हणजे ईदच्या शीरखुर्म्यातलं दूध, संस्कृत 'क्षीर'. आपण सहोदर म्हणतो तेव्हा नातं उदराशी लावतो, ते दुधाशी लावतात.

एक जोडशब्द आणखी, कारण मराठी माणसाला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतात चुलता म्हणजे 'पितृव्य'. फारसीने तिथे अरबी 'अमू' घेतला. पश्तूत तो जुना शब्द 'त्रə' असा अगदी आखडून उरला आहे, शेवटचा स्वर आपल्या 'अ'सारखा पुसट. चुलत भाऊ मात्र 'तरबूर', म्हणजे पितृव्यपुत्र, आणि पुन्हा जोडशब्दातच पुत्र आणि पितृव्य दोघेही सांभाळलेले. पठाणांत जमिनीवरून, मानावरून वैर धरतो तो बहुतेक हाच तरबूर. त्या वैराला त्यांनी याच शब्दावरून नाव दिलं आहे, 'तरबूरवली'. त्याचं भाषांतर वर्गात कधी करावं लागत नाही. मी फळ्यावर 'भाऊबंदकी' लिहितो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो.